चौकोनातला मोत्या

सातारा-सांगली एसटीत शेजारच्या सीटवरच्या माणसाचे हात बघा. साताऱ्यात कंडक्टरनं तिकीट दिलेलं असतं. उंब्रजपर्यंत त्याची उभी पट्टी होते, कराडला पट्टीची सुरळी होते आणि पेठ नाका येईस्तोवर त्या चिठोऱ्याला तिकीट म्हणायची सोय राहत नाही. मग चेकर चढला की उलगडायची धांदल. थोडक्यात काय, कागदाला घड्या घालायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्या कुठे थांबवायच्या एवढं कळलं, की त्याच कागदातून दोन कान आणि एक नाक बाहेर येतं.

ओरिगामी म्हटलं की सगळ्यांना करकोचा आठवतो. पण त्याला घड्या फार, आणि निम्म्या वाटेवर घरातली पोरं उठून क्रिकेटला जातात. कुत्रा चार घड्यांत शेपूट हलवायला तयार. शिवाय करकोचा आपल्या अंगणात येत नाही, कुत्रा मात्र हाकललं तरी येतो. म्हणून हा फेरफटका कुत्र्याच्या मागोमाग: सातारा, सांगली, मधे थोडं जपान आणि परत कृष्णाकाठी.

१. चार घड्या, एक मोत्या

झेरॉक्सचा ए-फोर कागद घ्या. त्याची आखूड बाजू लांब बाजूवर आणून तिरका दुमडा आणि उरलेली पट्टी कापून काढा. हातात २१० मिलिमीटरचा चौकोन आला. ८७ मिलिमीटर रुंदीची ती पट्टी टाकू नका, शेवटी तिचं काम आहे.

आता चौकोन शंकरपाळ्यासारखा ठेवा, एक टोक तुमच्याकडे. घडी पहिली: वरचं टोक खालच्या टोकावर. झाला त्रिकोण, लांब बाजू वर. घडी दुसरी आणि तिसरी: वरचे दोन्ही कोपरे तिरके खाली पाडा. हे कान. घडी चौथी: खालच्या टोकाचे दोन पापुद्रे आहेत, त्यातला फक्त वरचा उचलून वर दुमडा. हे नाक. डोळ्यांना पेन शोधत बसू नका. आरशाच्या कडेला चिकटवून ठेवलेल्या दोन काळ्या टिकल्या पुरतात.

ओरिगामीचा कडक नियम असा, की कापायचं नाही आणि चिकटवायचं नाही. चौकोन करताना कापलं ते मोजायचं नाही, आणि टिकलीला आम्ही आमच्या अखत्यारीत सूट दिलेली आहे.

२. कान हलला की जात बदलली

कानाची घडी नाकाजवळून घेतली तर लोंबत्या कानांचा आळशी कुत्रा होतो. घडी बाहेरच्या बाजूला सरकवली की कान आखूड आणि चेहरा रुंद, म्हणजे गल्लीतला दादा. खाली पाडलेल्या कानाचं टोक पुन्हा वर मुडपलं तर कान टवकारलेला राखणदार. चारातल्या दोनच घड्या बोटभर इकडे-तिकडे झाल्या, एवढंच.

आणि तोच त्रिकोण फिरवून टोक वर केलं, खालचे दोन्ही कोपरे वर उभे केले, मधलं टोक खाली दुमडलं आणि कागद पालथा केला, तर समोर मांजर. कुत्र्या-मांजराचं जन्माचं वैर म्हणतात ते कागदावर असं अर्ध्या फेरीचं आहे.

३. घडीभराचं काम

जगातल्या बहुतेक भाषांना जमलं नसेल ते मराठीनं एका शब्दात केलं. ‘घडी’ म्हणजे दुमड आणि ‘घडी’ म्हणजे वेळही. जुन्या कालमापनात एक घडी २४ मिनिटांची, दिवसाच्या ६० घड्या. पहिला मोत्या करायला नवख्या माणसाला घडीभर लागते, अर्थ दोन्ही घ्या. दहाव्या मोत्याला मात्र कुकरची एक शिट्टी पुरते.

४. पहिला गुरू वाण्याच्या दुकानात

सांगलीचा भडंग कागदाच्या पुडीत घेतला असेल, तर ओरिगामीचा वर्ग तुम्ही फुकटात केलेला आहे. दुकानदार कागद तळहातावर तिरका धरतो, बोटांभोवती एक वळसा देतो, खालचं टोक मुडपून बंद करतो, वरून भडंग भरतो आणि राहिलेली झडप कडेत खोचतो. हे करताना तो पुडीकडे बघतही नाही, पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलत असतो.

त्याहून नाजूक काम देवळातल्या अंगाऱ्याच्या पुडीचं. चिमूटभर भुकटी, चार बोटं कागद, तीन घड्या आणि एक टोक दुसऱ्यात अडकवलेलं. डिंक नाही, टाचणी नाही, दोरा नाही, तरी पाकिटात महिनाभर सांडत नाही. ‘कापायचं नाही, चिकटवायचं नाही’ हा जपानी नियम आपला पुजारी रोज पाळतो, फक्त त्याचं प्रदर्शन भरवत नाही.

५. देवाचा उच्चार, कागदाचा उच्चार

जपानीत ‘ओरु’ म्हणजे दुमडणं आणि ‘कामी’ म्हणजे कागद, दोन्ही मिळून ओरिगामी. गंमत अशी, की ‘कामी’ हाच उच्चार वेगळ्या अक्षरानं लिहिला तर अर्थ होतो देव. आपणही कागदाला पाय लागला तर पटकन हात लावून नमस्कार करतो, तेव्हा हा योगायोग मराठी माणसाला फार परका वाटू नये.

कुत्र्याला तिकडे ‘इनु’ म्हणतात. आपला कुत्रा भू-भू करतो, त्यांचा ‘वान-वान’ करतो. कागदाचा कुत्रा दोघांच्याही घरात गप्प बसतो, आणि फ्लॅटमधल्या शेजाऱ्यांच्या दृष्टीनं हाच त्याचा मोठा गुण.

६. बारा जनावरांनी नशीब काढलं

आज जगभर ओरिगामीला कला म्हणतात त्याचं मोठं श्रेय अकिरा योशिझावा या एका माणसाला जातं. कारखान्यात नोकरी करताना तो नव्या कामगारांना भूमिती शिकवायचा, कागदाच्या घड्या घालून. मग नोकरी सोडून तो कागदाच्याच मागे लागला आणि पोटासाठी दारोदार खाण्याचे पदार्थ विकत फिरला. ‘असाही ग्राफ’ या जपानी नियतकालिकानं त्याच्याकडून तिकडच्या राशिचक्रातले बारा प्राणी कागदात करून घेतले, ते १९५२ च्या जानेवारीत छापून आले आणि वयाच्या चाळिशीत तो एकदम प्रसिद्ध झाला. त्या बारांत एक कुत्रा होता, हे वेगळं सांगायला नको.

जन्म १४ मार्च १९११, मृत्यू १४ मार्च २००५. म्हणजे बरोबर ९४ व्या वाढदिवशी. आयुष्याची पहिली आणि शेवटची कड इतकी नेमकी जुळवणं फक्त घडीवाल्यालाच जमावं.

७. भाषा येत नसली तरी बाण कळतो

योशिझावाची दुसरी देणगी कुत्र्याहून मोठी आहे. आत दुमडायची घडी तुटक रेघेनं, बाहेर दुमडायची घडी रेघ आणि टिंबानं, आणि दिशा दाखवायला बाण, अशी खुणांची लिपी त्यानं बसवली. अमेरिकेतल्या सॅम्युएल रँडलेटनं तिच्यात भर घातली. गाण्याला जसं नोटेशन, तसं हे घड्यांचं. त्यामुळे विट्यातली मुलगी जपानी पुस्तक उघडून, त्यातलं एक अक्षर न वाचता, त्यातला कुत्रा घडवू शकते.

८. डोंगर वजा दरी, बरोबर दोन

ओरिगामीवाले घड्यांना दोन नावं देतात. उंचवटा वर आला तर डोंगरघडी, खाली गेला तर दरीघडी. सातारकरांना याची चित्रं काढून दाखवावी लागत नाहीत, त्यांनी खिडकी उघडली तरी पुरे. आणि पाचगणीचं टेबललँड म्हणजे घडी घालायची राहून गेलेला कागद.

आता एक जादू. कागद मधोमध दुमडा, पुन्हा आडवा मधोमध दुमडा, मग पूर्ण उलगडा. मधल्या बिंदूतून चार रेघा निघतात. त्यांतल्या तीन एका जातीच्या आणि एक दुसऱ्या जातीची निघेल. तीन वजा एक, दोन. सपाट बसणाऱ्या कुठल्याही घडीकामात, कागदाच्या आतल्या कुठल्याही बिंदूपाशी, डोंगर आणि दऱ्या यांच्या संख्येतला फरक नेहमी दोनच येतो. याला जपानी अभ्यासक जुन माएकावा यांचं नाव दिलेलं आहे. कुत्रा असो, करकोचा असो की विंचू असो, हिशेब चुकत नाही. चुकला, तर कागद टेबलावर सपाट बसत नाही.

९. महाबळेश्वरचा कुत्रा कान पाडतो

एकच जिल्हा, पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. कागद हा लाकडाच्या तंतूंचा असतो आणि तंतू हवेतलं पाणी पितात, फुगतात, ढिले पडतात. जुलैत महाबळेश्वरला केलेल्या मोत्याचे कान संध्याकाळपर्यंत लोंबतात. म्हसवडला मे महिन्यात केलेला मोत्या दिवाळीपर्यंत ताठ.

पण पाणी नेहमीच शत्रू नाही. जाड कागदावर मुद्दाम पाण्याचा हलका हात फिरवून तो ओलसर असतानाच घडवायचा, ही युक्तीही योशिझावाचीच. ओलाव्यानं कागदातली खळ मऊ होते, घड्यांना गोलाई देता येते आणि वाळल्यावर तीच खळ सगळं धरून ठेवते. कांजी केलेली साडी इस्त्रीनंतर कडक उभी राहते, तसंच हे. त्यातून मग कुत्र्याला खरोखरची पाठ, पोट आणि मांड्या येतात.

१०. कागदालाही उभं-आडवं असतं

जुनं वर्तमानपत्र घ्या आणि आधी उभं, मग आडवं फाडून बघा. एका दिशेनं ते सरळ रेषेत फाटतं, दुसऱ्या दिशेनं वेडंवाकडं. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले बहुतेक तंतू एका दिशेला झोपतात, त्याचा हा परिणाम. तंतूंच्या दिशेनं घातलेली घडी कडक बसते, आडवी घातलेली जरा नाठाळ. आपल्या मोत्याची पहिली घडी तिरकी असते, म्हणून दोन्ही कान सारखेच आज्ञाधारक.

११. कुठला कागद?

वर्तमानपत्र फुकट मिळतं, पण मऊ. त्याचा कुत्रा लवकर म्हातारा होतो. लग्नपत्रिका दिसायला भारी, पण घडीवर तडकते आणि गणपतीच्या चित्राचा कान करायला मन धजत नाही. घोटीव कागद सगळ्यात मजेदार. त्याची एक बाजू रंगीत, दुसरी पांढरी. रंगीत बाजू बाहेर ठेवून चार घड्या घातल्या, की चौथ्या घडीला आतला पांढरा रंग वर येतो आणि तपकिरी कुत्र्याला आपोआप पांढरं नाक मिळतं. रंगाची पेटी लागत नाही.

पण गावठी कुत्र्याचा अस्सल रंग हवा असेल, तर जूनची वाट बघा. वह्यांना खाकी कव्हरं घालून झाली की प्रत्येक घरात ब्राउन पेपरचे तुकडे उरतात. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री एका दप्तरामागे दोन-तीन मोत्ये सहज निघतात.

१२. पंचवीस किलो आणि सव्वातीन ग्रॅम

जतच्या पलीकडे, सीमेपार बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे, घोरपड्यांचं जुनं संस्थान. तिथल्या शिकारी कुत्र्याला मुधोळ हाउंड म्हणतात आणि आपल्याकडे कारवानी. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट, काटकुळे पाय. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळही होता. म्हणजे कागदावर तो आधीच आलेला आहे.

घडीत आणायला मात्र हा कुत्रा सगळ्यात अवघड. कागदात एक लांब निमुळतं टोक काढायचं तर त्यासाठी आजूबाजूचा पुष्कळ कागद आत दडवावा लागतो. कारवानीला चार लांब पाय, एक लांब तोंड आणि एक लांब शेपूट, म्हणजे सहा टोकं. पापुद्र्यावर पापुद्रे चढतात आणि झेरॉक्सचा कागद हात टेकतो. इथे पतंगाच्या कागदासारखा पातळ पण चिवट कागद लागतो.

वजनाचंही बघा. चौरस मीटरला ७५ ग्रॅम भरणाऱ्या साध्या कागदाचा आपला २१० मिलिमीटरचा चौकोन साधारण ३.३ ग्रॅमचा. कारवानी पंचवीस किलोचा धरला, तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात साडेसात हजार मोत्ये ठेवावे लागतील.

१३. नळीत घातलं तरी

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, ही म्हण कागदी कुत्र्यालाही लागू पडते, आणि कारणासकट. घडी पडते तिथे कागदातले तंतू वाकून काही तुटतात, काही कायमचे सरकतात. मग जाड शब्दकोशाखाली आठवडाभर दाबा, इस्त्री फिरवा, घडी दिसणारच. कागद विसरत नाही. म्हणूनच चुकीची घडी हलक्या हातानं घालायची आणि बरोबर असल्याची खात्री झाली की मगच नखानं कडक करायची.

१४. नाक दाबलं की तोंड उघडतं

दुसरीही म्हण ओरिगामीवाल्यांनी खरी केलेली आहे. बोलणाऱ्या जनावराच्या जातीचे कागदी चेहरे असतात. दोन्ही गाल बोटांनी दाबले की मधल्या घडीला जागा उरत नाही, ती पुढे फुगते आणि जबडा उघडतो. सोडलं की मिटतो. अशी दोन तोंडं केली, की घरातल्या दोन भावंडांना तासभर भांडायला माणसं लागत नाहीत. कुत्रीच भांडतात.

१५. चोवीस घड्यांत विल्सन पॉइंट

कागद सातपेक्षा जास्त वेळा अर्ध्यात दुमडता येत नाही, अशी पैज शाळेत सगळ्यांनी लावलेली असते. अमेरिकेत ब्रिटनी गॅलिव्हन या शाळकरी मुलीनं २००२ साली ती मोडली. तिनं सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा टॉयलेट पेपर घेतला आणि तो बारा वेळा अर्ध्यात दुमडून दाखवला. लांबी किती लागेल याचं सूत्रही तिनं आधी मांडलं होतं.

अडचण अशी, की प्रत्येक घडीला जाडी दुप्पट होते. ०.१ मिलिमीटरचा कागद कल्पनेत दुमडत गेलात, तर २४ व्या घडीला थप्पी १,६७७ मीटरवर पोचते. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट सुमारे १,४४० मीटर, कळसूबाईचं शिखर १,६४६. दोन्ही मागे पडली. ४२ व्या घडीला तुम्ही चंद्राच्या पुढे. मोत्याला चारच घड्या का पुरेशा आहेत, ते आता कळलं असेल.

१६. भिलारला या कुत्र्याला बंदी

वाचता वाचता पानाचा कोपरा दुमडून ठेवायची खोड अनेकांना असते. त्या दुमडलेल्या कोपऱ्याला इंग्रजीत कुत्र्याचा कान म्हणतात. म्हणजे जगातली सगळ्यात सोपी कागदी कुत्री ग्रंथालयांतून लपलेली आहेत आणि ग्रंथपाल त्यांच्यावर टपून असतात. सातारा जिल्ह्यातलं भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, तिथे घराघरांत पुस्तकं वाचायला ठेवलेली असतात. तिथे जाल तेव्हा मोत्याला खिशात ठेवा आणि खूण म्हणून पानात तोच घाला. पानाचे कान शाबूत राहतात आणि त्रिकोणी नाक पुस्तकाबाहेर डोकावत राहतं.

१७. चार हवेत तर औदुंबरला चला

एक कुत्रा केला की पोरं दुसरा मागतात. मराठी घरात कुत्र्यांचा ठरलेला आकडा मात्र चार. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, त्यांना चार वेद मानतात, आणि मागे गाय म्हणजे पृथ्वी. सांगली जिल्ह्यात कृष्णेकाठच्या औदुंबरला ही तसबीर दुकानादुकानांतून टांगलेली दिसते. इकडे कराड तालुक्यातल्या पालीत खंडोबा. त्याच्याही मूर्तींजवळ घोड्याबरोबर कुत्रा असतो. दत्तजयंतीला चार रंगांच्या चार चौकोनांत चार वेद बसवून बघा. कागदाला आणि ज्ञानाला पाय लावू नये हे आपण शिकलोच आहोत, इथे दोन्ही एकाच जागी सापडतात.

१८. डोहाळजेवणाची भेट

जपानात समज आहे, की कुत्री सहज विते आणि पिल्लंही पुष्कळ देते. म्हणून गरोदर बायका पाचव्या महिन्यात पंचांगातला ‘कुत्र्याचा दिवस’ बघून पोटाला पट्टा बांधतात आणि बाळाच्या रक्षणासाठी त्यांना कागदाच्या लगद्याचा कुत्रा भेट दिला जातो. त्याचं नाव ‘इनु-हारिको’. हा घडीचा नव्हे, लगद्याचा. पण डोहाळजेवणाला फुलांच्या वाडीबरोबर एक कागदी मोत्या ठेवायला आपल्याकडेही कुणाची हरकत नसावी. ‘पेढा की बर्फी’ झाल्यावर तो मधोमध बसवता येतो.

१९. मद्रासचा राव, पुण्याचा गुप्ता

घडीकाम म्हणजे पोराटोरांचा खेळ, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन नावं. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक लिहिलं आणि ते परदेशातल्या गणित्यांनीही डोक्यावर घेतलं. आणि आपल्या पुण्यात अरविंद गुप्ता यांनी आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं टाकाऊतून खेळणी केली, कागदाच्या टोप्या आणि पाखरं केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

भूमितीचा एक चटका मोत्यातही आहे. कापलेल्या चौकोनाचा कर्ण मोजा. तो २९७ मिलिमीटर भरेल, म्हणजे मूळ ए-फोर कागदाच्या लांबीएवढाच. जे टोक कापलं तेवढी लांबी कुत्र्याच्या डोक्यावर तिरकी परत आली.

२०. जिल्ह्याचीच घडी

१९४९ साली सातारा जिल्ह्याला मधोमध घडी पडली. वरच्या भागाचं नाव उत्तर सातारा आणि खालच्याचं दक्षिण सातारा. पुढे १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. म्हणजे सांगलीकर आणि सातारकर एकमेकांच्या पेढ्यांना आणि भडंगाला कितीही नावं ठेवोत, ती एकाच कागदाची दोन अंगं. एक डोंगराकडचं, एक दरीकडचं, आणि मधून कृष्णेची घडी सरळ वाहत गेलेली.

२१. पगडी घातलेला कुत्रा

आता ती बाजूला ठेवलेली पट्टी काढा. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली आहे. तिथे एका कुत्र्याची समाधी आहे, दगडी कुत्र्यासकट. लोक त्याला खंड्या म्हणतात. हा सातारच्या थोरल्या शाहू महाराजांचा लाडका कुत्रा. वाघाच्या शिकारीत त्यानं महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात. जपानी लोकांनी त्यांच्या इमानी हाचिकोचा पुतळा शिबुया स्टेशनाबाहेर उभारला तो १९३४ साली. खंड्या त्याच्या कितीतरी आधीचा.

साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी राहिलेल्या ग्रँट डफनं १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या कुत्र्याची हकीकत दिली आहे. महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखी दिली. एकदा भर दरबारात त्याला जरीची वस्त्रं आणि दागिने घातले, स्वतःची पगडी उतरवून त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि नंतर ती पगडी महाराजांनी पुन्हा कधी घातली नाही.

यावर आमची एक पुरवणी. जपानी बारा वर्षांच्या चक्रात अकरावं वर्ष कुत्र्याचं असतं. २०१८ हे कुत्र्याचं वर्ष होतं, पुढचं २०३०. बारा-बारा वर्षांनी मागे मोजत चला. १९१० लागतं, तेव्हा सांगलीकडे किर्लोस्करवाडी वसली. तसेच आणखी मागे गेलात की १६८२ वर थांबा. त्या वर्षी मे महिन्यात शाहू महाराजांचा जन्म झाला. चक्रातल्या बाराही जनावरांमधून महाराजांच्या वाट्याला नेमका कुत्राच आला होता.

तर पट्टीतून १२३ मिलिमीटर लांबीचा तुकडा घ्या. मधोमध दुमडा, बंद बाजूचे दोन्ही कोपरे मध्यावर आणा, खालच्या दोन्ही कडा वर मुडपा. लहानपणी वर्तमानपत्राची करायचो तीच टोपी, फक्त ८७ मिलिमीटर रुंद. मोत्याच्या दोन कानांमध्ये ती नेमकी बसते. बसली की काढून घेऊ नका. साताऱ्यात ती रीत नाही.